सात किलोंचा नाताळ

ऑक्टोबरातच सांगून ठेवली होती डुकराची मांडी,
सात किलोंची, हाडासकट.
तेव्हा नऊ माणसं येणार होती.

मग ताम्पेरेला मुलीच्या घरात ताप शिरला.
ओउलूहून मुलगा म्हणाला, आई, रस्ते बघतेस ना.
बघत होते की.
माझ्या खिडकीतून तेवढंच दिसतं.

तरी रात्रभर ओव्हन मंद ठेवला,
दर दोन तासांनी उठून
मांडीत सुई खुपसून पाहिली,
तापातल्या लेकराच्या कपाळाला हात लावावा तशी.
पहाटे घरभर वास
आणि घरभर मी.

पंचवीसला मांडी खाल्ली, मोहरी लावून.
सव्वीसला मोहरी खाल्ली, मांडी लावून.
गाजराचं एक भांडं, लांट्टू कंदाचं एक, कलेजीचं एक,
तिन्ही भाजून खरपूस, तिन्हींना एकेका चमच्याचा खड्डा.
बिटाच्या कोशिंबिरीत तिसऱ्या दिवशी
बटाटा गुलाबी, सफरचंद गुलाबी, चमचासुद्धा.
फ्रीज उघडला की वाटायचं
आत कुणीतरी लाजतंय.

भाताच्या खिरीत बदाम टाकला होता,
एकच, रीत म्हणून.
ज्याच्या वाटीत येईल त्याचं वर्ष चांगलं जातं.
चौथ्या दिवशी आला माझ्याच दाताखाली.
दुसरीकडे जाणार कुठे बिचारा?
तरी जरा बरं वाटलं,
खोटं कशाला बोलू.

एस्कोला शिळंच आवडायचं.
ताजं पाहुण्यांना, मुरलेलं घरच्यांना, म्हणायचा.
चोवीसच्या संध्याकाळी त्याच्या थडग्यावर
मेणबत्ती लावायला गेले,
तर एक आधीच जळत होती. आर्वोची.
आर्वो माझा दीर. शेतापलीकडे राहतो.
बांधावरच्या अकरा भूर्जांवरून
एकोणीस वर्षं आम्ही बोललेलो नाही.
सकाळी त्याच्या धुराड्यातून धूर निघाला
की मी कॉफी ठेवते.
एवढीच ओळख उरली आहे.

सात जानेवारीला गुरुवार होता,
आणि मांडीचं हाड तेवढं उरलं होतं,
बाहेरच्या थंड खोलीत, उणे बावीसमध्ये, दगड झालेलं.
गुरुवारी आमच्याकडे वाटाण्याचं सूप.
रात्री वाटाणे भिजवले, सकाळी हाड घातलं, कांदा,
चिमूटभर मरवा.
सूप माणसं मोजून होत नाही.
मोठं पातेलं काढावं लागलं,
एका कानाने ढिलं असलेलं,
जे एस्को दर वर्षी उद्या नीट करणार होता.

पातेलं लोकरी शालीत गुंडाळलं,
पायाने रेटायच्या घसरगाडीवर बांधलं,
आणि त्या अकरा झाडांमधूनच नेलं,
दुसरी वाट बर्फाखाली होती.
पायरीवर ठेवलं. दार वाजवलं.
आणि पळाले. बासष्टाव्या वर्षी. चोरासारखी.

शुक्रवारी धूर. शनिवारी धूर.
रविवारी जरा जास्त धूर, की मलाच वाटलं.
मंगळवारी स्वतःला म्हटलं,
पातेलं गेलं असं समज, अगं.

तेरा तारखेला नूट्टी.
त्या दिवशी नाताळ घराबाहेर काढायचा.
माझ्या आईच्या लहानपणी
पोरं बोकडाचे मुखवटे लावून दारोदार फिरायची,
उरलंसुरलं मागायची, दिलं नाही तर दंगा करायची.
आता या रस्त्यावर पोरंच नाहीत.
मी झाड उतरवलं, सुया झाडल्या,
कचरा टाकायला दार उघडलं,
तर पायरीवर पातेलं, पालथं,
वर बोटभर बर्फ साचलेला.

चिठ्ठी नाही. आत काही नाही.
घासून मात्र इतकं लख्ख
की जळका तळही निघालेला,
जो माझ्या लग्नापासूनचा होता.
सवयीने ढिल्या कानाखाली हात घातला
आणि उचललं.
कान हलला नाही.
दोन नवे स्क्रू, पितळेचे, एक किंचित वाकडा.

बराच वेळ तो कान हलवून बघत बसले.

उद्या गुरुवार.
वाटाणे भिजत टाकलेत.
हाड नाही या वेळी,
पण बघू.